फलकावर मराठी, कागदावर मौन

दसरा पंधरा दिवसांवर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांवर दुचाकीच्या शोरूमचे फलक झळकू लागतात. ‘जुनी गाडी आणा, नवी गाडी न्या.’ २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकाचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. परंतु उरलेल्या चाळीस टक्क्यांत विक्रीची ही ओळ विक्रेता मराठीत लिहितो, कारण आपले गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला कोणत्याही जनगणना अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आत गेल्यावर सेल्समनही मराठीच बोलतो. आपल्याच बोलीत, ‘मामा’, ‘काकी’ म्हणत, चहा मागवत. ही मराठी संपते ती टेबलावर कागद आल्यावर.

गेली पंचवीस वर्षे आम्ही बेळगावच्या न्यायालयात वकिली करीत आहोत आणि त्याहून अधिक काळ सीमाभागातील भाषिक हक्कांच्या चळवळीत आहोत. या दोन व्यवसायांची (दुसऱ्याला व्यवसाय म्हटल्याबद्दल सहकारी रागावतील, पण वेळ त्यातही तितकाच जातो) गाठ जुन्या मोटारसायकलीपाशी पडेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. ती पडली, आणि आमच्या चळवळीविषयी आम्हाला काही कडू बोलणे भाग पडले आहे.

खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले. वय पन्नाशीच्या आसपास, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर. हातात कन्नडमधील एक समन्स. ते त्यांना वाचता येत नव्हते. गावातल्या शाळामास्तरांनी ‘अपघाताचं आहे’ एवढे सांगून वकिलाकडे पिटाळले होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे ते समन्स होते. गोकाक तालुक्यात एका मोटारसायकलने एका वृद्धाला ठोकरले, त्याचा पाय कायमचा अधू झाला, आणि त्याने नुकसानभरपाईसाठी दावा केला. पहिला प्रतिवादी गाडी चालवणारा, दुसरा गाडीचा मालक. मालक म्हणून नाव होते ते या गृहस्थांचे.

“वकीलसाहेब, ती गाडी देऊन किती वर्सं झाली की हो!” ते म्हणाले. २०२१ च्या दसऱ्याला त्यांनी ती जुनी शंभर सीसीची गाडी शहरातल्या एका शोरूममध्ये ‘एक्स्चेंज’ला देऊन नवी घेतली होती. गोकाकला ते उभ्या जन्मात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा धबधबा पाहायला.

“सह्या कशावर केल्या होत्या?”

“बघितलं नाही. ‘मामा, इथं करा, इथं करा,’ म्हणाला पोरगा. सहा-सात ठिकाणी असंल. मुहूर्त टळत होता.”

त्यांच्यापाशी जुन्या गाडीविषयीचा एकमेव पुरावा म्हणजे नव्या गाडीचे बिल. त्यात एका ओळीत ‘लेस एक्स.’ असे इंग्रजीत छापलेले आणि पुढे बावीस हजारांचा आकडा. कोणती गाडी, कोणत्या क्रमांकाची, कोणत्या दिवशी आणि किती वाजता कोणी ताब्यात घेतली, काही नाही. आम्ही शोरूमला पत्र लिहिले. उत्तर आले की सदर वाहनाची आमच्या दप्तरी नोंद आढळत नाही. जुन्या गाड्यांचा व्यवहार त्रयस्थ मध्यस्थामार्फत होतो. म्हणजे ज्या काचेच्या दालनात त्यांनी गाडी दिली, ते दालन गाडी घेणारे नव्हतेच! घेणारा त्या दालनाच्या मागच्या गेटजवळ उभा असलेला दलाल होता. त्याचे नाव या गृहस्थांना त्या दिवशी कोणी सांगितले नाही आणि आजही कोणी सांगत नाही. गाडी त्यानंतर किमान दोन हात फिरली. विम्याची मुदत संपली ती कोणी वाढवली नाही. नोंदणी पुस्तिकेवरचे नाव मात्र खानापूर तालुक्यातल्या घराच्या पत्त्यासह जसेच्या तसे राहिले.

कायदा या ठिकाणी काय म्हणतो ते स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण ‘गाडी दिली, पैसे मिटले, विषय संपला’ हा समज आमच्याकडे शिकलेल्यांतही पक्का आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले, तो मालक. कर्जाऊ आणि भाडेकरारावरील वाहने, अज्ञान व्यक्तीचे वाहन असे थोडे अपवाद सोडले तर हाच नियम. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे निर्विवाद केले. त्या खटल्यातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती आणि नाव पहिल्याचेच राहिले होते. न्यायालयाचा विचार असा की रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला विक्रीच्या साखळीमागे दारोदार धावायला लावता येणार नाही. पुस्तिकेत नाव ज्याचे, त्याने भरपाई द्यावी. त्याआधी २०११ च्या पुष्पा ऊर्फ लीला विरुद्ध शकुंतला या निकालातही सूत्र तेच होते, फक्त तेथे जुन्या मालकाच्या नावचा विमा चालू होता म्हणून भार विमा कंपनीवर गेला. विमा संपलेला असेल तर हा भार थेट माणसाच्या घरावर, शेतावर, पगारावर येतो. वकील म्हणून आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. गोकाकच्या त्या वृद्धाने काय पाप केले होते? चूक निकालाची नाही. ज्या कागदावर नाव बदलायचे होते तो कागद कोरा राहिला आणि कोरा का राहिला हे सही करणाऱ्याला समजले नाही, चूक तिथे आहे.

ते कागद कोणते, हेही एकदा मराठीत सांगून टाकू. फॉर्म २९ म्हणजे वाहन देणाऱ्याने परिवहन कार्यालयाला द्यायची खबर : माझी अमुक गाडी मी अमक्याला अमुक तारखेला दिली. फॉर्म ३० म्हणजे घेणाऱ्याचा अर्ज : ती गाडी आता माझ्या नावावर करा. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हे कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला काढावा लागतो. बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ गाडी कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन एमएच-०९ व्हायची असेल तर तो चुकत नाही. गाडीवर कर्ज होते आणि ते फिटले असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन तो बोजा उतरवावा लागतो. आता शोरूममध्ये काय होते ते पाहा. २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव कोरे, तारीख कोरी, आणि खाली तुमची सही. कधी कधी २८ वरही. असा सह्या केलेला कोरा गठ्ठा गाडीसोबत दलालाच्या हाती पडतो. गाडी फिरत राहते, गठ्ठाही तिच्यासोबत फिरत राहतो, आणि शेवटच्या कोणाला तरी नाव लावावेसे वाटेल तेव्हा तो त्यात आपले नाव घालतो. कोणालाच तसे वाटले नाही तर मालक तुम्हीच.

अपघात ही त्यातली सर्वांत जड गोष्ट. हलक्या गोष्टीही कमी नाहीत. सिग्नल तोडल्याची कॅमेऱ्याची दंडपावती तुमच्या नावे येते. गाडी एखाद्या चोरीत सापडली तर पोलीस आधी तुमच्या दारी येतात, आणि कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता ते सांगण्याची जबाबदारी मालकाची असते. ‘मला माहीत नाही, मी एक्स्चेंजला दिली’ या वाक्यावर कोणताही फौजदार वही मिटत नाही.

आता शब्दाकडे येऊ, कारण ही जागा भाषेच्या लेखांची आहे आणि आमच्या मते या सगळ्या गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. परकीय शब्दांचा आम्हाला तिटकारा नाही. फाउंड्री, मोल्डर, क्लच, पेट्रोल हे शब्द आम्ही आनंदाने वापरतो; मोटारसायकलला स्वयंचलित द्विचक्री म्हणण्याचा अट्टाहास करणाऱ्या मित्रांशी आमचे कधीच जमले नाही. परंतु परका शब्द एखादी गोष्ट झाकण्यासाठी वापरला जातो तेव्हा त्याला विरोध केला पाहिजे. ‘एक्स्चेंज’ हा शब्द अशी गोष्ट झाकतो की शोरूममध्ये एकाच बैठकीत दोन स्वतंत्र व्यवहार होत असतात. एकात तुम्ही गिऱ्हाईक असता, दुसऱ्यात तुम्ही विक्रेते असता. गिऱ्हाइकाला बिल मिळते. विक्रेत्याला खरेदीदाराची पावती मिळायला हवी. ‘एक्स्चेंज’ म्हटले की दुसरा व्यवहार पहिल्याच्या पोटात गडप होतो आणि उरते ती ‘लेस एक्स.’ ही ओळ.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे आणि कलम १२० सांगते की अदलाबदलीत प्रत्येक पक्ष आपण दिलेल्या वस्तूपुरता विक्रेता आणि घेतलेल्या वस्तूपुरता खरेदीदार असतो, त्या त्या हक्कांसह आणि दायित्वांसह. जुन्या गाडीची रुपयांत किंमत ठरवून ती वळती केली जाते तेव्हा तर तो वस्तुविक्री कायदा, १९३० खालील सरळ विक्रीचाच व्यवहार धरता येतो. कायदा कोणताही लावा, व्यवहार दोन आहेत.

आणि हे आमच्या आजीला ठाऊक होते. कासाराकडे जुनी पितळेची भांडी घेऊन ती जात असे. कासार ती मोड तिच्यासमोर तागडीत घाली. मोडीचे वजन इतके, मोडीचा भाव इतका, त्यात घट इतकी. मग नव्या हंड्याचे वजन इतके, भाव इतका, घडणावळ इतकी. बाकी इतकी. पाच-सहा आकडे, प्रत्येकाला नाव, प्रत्येक मोठ्याने उच्चारलेला. लिहिता न येणारी बाईही त्यातला कोणता आकडा वाढवला गेला हे ओळखत असे. बैलबाजारात जोडी बदलायची असेल तर दोन बैलांच्या किमतीतला जो फरक द्यायचा त्याला वरताळा म्हणत. ‘बैल बदलला, वर पाचशे वरताळा दिला.’ केवढा नेमका शब्द आहे! देवघेवीच्या वस्तू दोन, त्यांच्या किमती दोन, आणि फरकाची रक्कम वेगळी, हे सगळे त्या एका शब्दात आले. हेडी लोक रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, ते गुपित इतर गिऱ्हाइकांपासून असे. देणाऱ्या-घेणाऱ्यात मात्र आकडा पक्का असे आणि बाजाराची पावती फाडल्याशिवाय दावे हाती जात नसे. बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचे भांडे देई, तीही दारात उभी राहून प्रत्येक साडी उलगडून दाखवून घेई, नाकारी, आणखी एक मागे. तिच्याशी घासाघीस करणाऱ्या बायकांची मुले आज वातानुकूलित दालनात घासाघीस करायला लाजतात.

मोड, घट, वरताळा हे शब्द आज शोरूममध्ये चालवावेत असे आम्ही म्हणत नाही. ते शब्द गेले, त्यांच्यासोबत त्यांतला हिशेबही गेला, हे आम्हाला सांगायचे आहे. आता तुम्हाला एकच आकडा सांगितला जातो : ‘तुमची गाडी धरून वर एवढे द्या.’ त्यात ‘एक्स्चेंज बोनस’ तीन हजार. गाडीची किंमत बावीस की एकोणीस अधिक तीन? जुनी गाडी न देता नवी घेतली असती तर सूट किती मिळाली असती? बाहेर विकली असती तर किती आली असती? हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि सेल्समनच्या चेहऱ्याकडे पाहा. जुन्या गाडीच्या विम्यावर दावा न केल्याबद्दल साठलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यात वळता करून घेता येतो आणि सलग पाच वर्षे दावा नसेल तर त्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुना विमा सोडताना त्याचे पत्र मागावे लागते. ते मागा, असे आमच्या एकाही पक्षकाराला कोणी आपणहून सांगितल्याचे ऐकिवात नाही. आमच्या भाषेत ‘साटेलोटे’ हा शब्द मुळात मुलगी देऊन सून करण्याच्या सोयरिकीचा. आज त्याचा अर्थ काय झाला आहे ते वाचक जाणतात. शोरूम आणि दलाल यांच्यातल्या देवाणघेवाणीला तो चपखल बसतो.

या ठिकाणी काही वाचक म्हणतील की यात मराठीचा काय संबंध? फॉर्म २९ इंग्रजीत असतो. तो हुबळीच्या कन्नड माणसालाही कळत नाही. आक्षेप बरोबर आहे आणि आम्ही तो पूर्ण मान्य करतो. जत, अक्कलकोटच्या कन्नडभाषक शेतकऱ्याने सोलापुरात गाडी दिली तर त्याच्यासमोर मराठी-इंग्रजी कागद येतात आणि तो असाच न वाचता सही करतो. त्याची बाजू आमच्या पक्षकाराच्या बाजूहून तसूभरही वेगळी नाही, आणि महाराष्ट्रातील शोरूमनी त्याला कन्नडमध्ये पावती द्यावी अशी आमची मागणी आहे. गोव्यात तर राजभाषा कायदा १९८७ चा. कोकणी राजभाषा आणि मराठीलाही शासकीय वापराची मुभा. तरी म्हापशाच्या शोरूममध्ये तोंडी कोकणी-मराठी आणि लेखी इंग्रजी हीच वाटणी दिसते. बडोद्याच्या आणि इंदूरच्या वाचकांची स्थिती थोडी बरी असेल, कारण गुजराती-हिंदी त्यांच्या सरावाची आहे. पण कोऱ्या फॉर्मवरची सही कोणत्याही भाषेत कोरीच असते.

फरक एवढाच की आमच्याकडे ही अडचण दुहेरी आहे. विक्रीचा कागद इंग्रजीत, आणि पुढे जे समन्स येईल ते कन्नडमध्ये. मधल्या सगळ्या बोलण्यात मराठी, जिचा एकही शब्द पुराव्यात नाही. ज्या भाषेत आश्वासन दिले गेले त्या भाषेत काही लिहिलेले नाही, आणि ज्या भाषांत लिहिले आहे त्या भाषांत आश्वासन नाही. ‘नाव आम्हीच बदलून देतो, मामा, काय काळजी करू नका’ हे वाक्य न्यायाधिकरणासमोर कसे मांडायचे? ते ऐकणारा एकटा आमचा पक्षकार आणि बोलणारा पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला.

कागदाचे स्वरूपच चुकीचे सांगून सही घेतली असेल तर व्यवहार मुळातच शून्य, आणि स्वरूप माहीत असून मजकुराविषयी फसवले असेल तर तो रद्द करता येण्याजोगा, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये निंगव्वा विरुद्ध ब्याराप्पा शिद्दप्पा या खटल्यात केला. खटला आपल्याच भागातला, जुन्या म्हैसूर उच्च न्यायालयातून वर गेलेला. नवऱ्याने बायकोची बक्षीसपत्रावर सही घेतल्याचा. तरुण वकील मित्र हा निकाल आमच्यापुढे ठेवतात आणि विचारतात, यातून सुटका नाही का? शोरूमविरुद्ध भांडताना थोडीफार आहे. जखमी वृद्धाविरुद्ध नाही. त्याला तुमच्या आणि दलालाच्या करारातले काहीच लागू होत नाही. शिवाय ‘मी वाचले नाही’ हा बचाव न्यायालयात फार दुबळा ठरतो. ‘मला वाचता येत नाही अशा भाषेत होते आणि मला वेगळेच सांगितले’ हा किंचित सबळ, पण त्याला पुरावा लागतो.

आता कडू बोलणे. आम्ही चळवळवाल्यांनी फलकांसाठी किती शक्ती खर्च केली? महानगरपालिकेच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, बसवरच्या पाट्या. त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, गुन्हे अंगावर घेतले, १ नोव्हेंबरला वर्षानुवर्षे काळ्या फिती लावून फिरलो. त्यातले काहीही आम्ही नाकारत नाही. प्रस्तुत लेखकाच्या नावावरही एक जुना खटला होता. परंतु फलकावरची मराठी वाचून गाडी घेणाऱ्या माणसाच्या हाती पडणाऱ्या कागदाकडे आम्ही एकदाही पाहिले नाही. १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या केंद्राच्या निवेदनात आहे की ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत. परिपत्रके मराठीत द्या म्हणून आम्ही या निवेदनाचा आधार घेऊन जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसलो, ते योग्यच केले. मात्र वाहन हस्तांतराच्या नियमांचे एक पानी मराठी पत्रक परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर लावा, असे लेखी मागितल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्ही आमच्या जुन्या निवेदनांच्या फायली चाळल्या. नाही.

याला कारण आहे. फलक दिसतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, पुढारी त्याखाली उभा राहू शकतो. पावती खिशात जाते. पावतीसाठी मोर्चा निघत नाही. परंतु गेल्या दहा वर्षांत आमच्या टेबलावर ज्या ज्या मराठी माणसाचे भाषेमुळे प्रत्यक्ष पैशाचे, जमिनीचे, झोपेचे नुकसान झाले, त्यांतल्या एकाचेही नुकसान फलकामुळे झालेले नव्हते. बँकेचा अर्ज, हमीपत्र, भाडेकरार, आणि हा गाडीचा कोरा फॉर्म. ही सगळी प्रकरणे सहीच्या कागदांची होती.

खासगी शोरूमवर १९५६ चे निवेदन बंधनकारक नाही, हे आम्हाला समजते. त्यांना दुसऱ्या दाव्याने बांधता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. नव्या गाडीच्या मोबदल्याचा एक भाग म्हणून जुनी गाडी घेतली गेली, त्या भागाचा हिशेब न देणे आणि नाव न बदलणे ही सेवेतील त्रुटी आहे, असा युक्तिवाद आम्ही जिल्हा ग्राहक आयोगासमोर मांडणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती कधीपासून मोजायची यावर आमचे भांडण होईल. गाडी दिल्यापासून मोजली तर आमचा पक्षकार केव्हाच हरला आहे, समन्स आल्यापासून मोजली तर उभा आहे.

एका गोष्टीने मात्र २०२३ नंतर गाडी देणाऱ्यांचे बळ वाढले आहे आणि ती आपल्याकडे कोणालाच माहीत नाही, म्हणून ठळक सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५अ पासून ५५ह पर्यंतचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात देता तेव्हा फॉर्म २९सी वर दोघांच्या सहीने पोर्टलवर खबर द्यायची असते, आणि ती दिली की तो विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. त्यानंतर घडेल त्याला जबाबदार तो. नियम चांगला आहे. आमच्या पक्षकाराने २०२१ मध्ये गाडी दिली, त्याला तो दोन वर्षे उशिरा आला. यंदा गाडी देणाऱ्याला मात्र तो उपयोगी आहे, जर त्याने ‘२९सी कुठे आहे?’ एवढे तीन शब्द उच्चारले तर. उत्तर आले नाही, तर समोरचा अधिकृत घेणारा नाही असे धरावे आणि गाडी त्याला देऊ नये.

तोवर निदान एक ताबापावती घ्यावी. आम्ही ती मराठीत तयार केली आहे. तीत गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चॅसिस क्रमांक; ठरलेली किंमत, बोनस वेगळा दाखवून; ताबा दिल्याची तारीख आणि वेळ; घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, सही, शिक्का; आणि एक वाक्य : ‘तीस दिवसांत नाव बदलून देऊ; या वेळेनंतर या गाडीमुळे उद्भवणारी प्रत्येक रक्कम आम्ही भरू.’ वेळ लिहिण्याला काही जण हसतात. सकाळी अकराला दिलेली गाडी त्याच दिवशी संध्याकाळी सहाला कोणाला धडकली तर ती सात तासांची नोंद किती महत्त्वाची असते, हे आम्ही त्यांना सांगू शकतो. या पावतीने जखमी माणसासमोरची तुमची जबाबदारी जात नाही, ती नोंदणीतले नाव बदलल्यावरच जाते. मात्र भरावी लागलेली रक्कम कोणाकडून वसूल करायची त्याचे नाव तुमच्या हाती राहते. फॉर्म २९ ची एक प्रत घेणाऱ्याच्या नावासह स्वतः भरून परिवहन कार्यालयाला पोचपावतीसह टपालाने पाठवावी. महिन्याने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून नाव बदलले का ते पाहावे. कोऱ्यावर सही करू नये. मुहूर्त टळला तर टळू द्यावा. दसऱ्याचा सबंध दिवसच मुहूर्त असतो असे आपणच म्हणतो.

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या मुलासोबत आम्ही एका शोरूममध्ये गेलो. त्याची जुनी स्कूटर द्यायची होती. आम्ही ताबापावती पुढे केली. मॅनेजर तरुण होता, कन्नडभाषक, पण मराठी सफाईने बोलणारा. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. “सर, हे मला वाचता येतं. पण कंपनीला मराठीत चालत नाही.”

“कंपनीला फलक मराठीत चालतो ना?” आम्ही विचारले.

तो हसला. मग त्याने हेड ऑफिसला फोन लावला, दहा मिनिटे कन्नडमध्ये बोलला, आणि परत येऊन म्हणाला की खाली तेच कन्नडमध्ये लिहून दिले तर दोन्हीवर शिक्का मारतो. आम्ही तिथेच बसून कन्नड मजकूर लिहिला. त्याने आमच्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या. ‘२९सी’ची खबर त्याने पोर्टलवर आमच्यासमोर भरली, स्कूटरची किंमत आणि बोनस वेगळ्या ओळींत लिहिले, वेळ घातली : दुपारी १२ वाजून ४० मिनिटे. शिक्का दोन्ही मजकुरांच्या मध्ये, अर्धा मराठीवर आणि अर्धा कन्नडवर बसला. पावतीचा नमुना हवा असेल त्यांनी कळवावे. दोन्ही भाषांतला पाठवू.